ओळखतो

कोपरखैरणे, रात्रीचे दोन.
वॉचमनच्या केबिनमध्ये पाय आखडून बसलेली मी,
तिसरी रात्र.
ऐरोलीच्या ऑफिसात काचेवर अजून
पिवळ्या चिठ्ठ्या असतील:
नाव, मोबाइल, फोटो, ओटीपी, येण्याचं कारण.
अकरा स्क्रीन. टाळ्या पडल्या होत्या.

हिंदुराव थोरवत स्क्रीनकडे बघतही नाहीत.
गेटाबाहेर चप्पल घासते,
मान न वळवता म्हणतात,
"सी-चारची नर्स. डबल ड्युटी झालीय आज,"
आणि दांडा वर करतात.

मग अडतं कुठं, मी विचारलं.
बराच वेळ स्वेटरचा धागा ओढत राहिले.
"ओळखीच्या माणसाला
नाव विचारायला लावता तुम्ही.
लाज वाटते."

हे कुठल्याच सर्व्हेत नव्हतं.

सकाळी दहा स्क्रीन पुसल्या.
उरल्या एकीवर एकच बटण,
हातमोज्यातूनही दाबेल एवढं:
ओळखतो.
सेल्सवाले म्हणाले, एवढ्याशाचे पैसे कोण देणार?
दिले. आधी दोन सोसायट्यांनी, कुरकुरत,
मग एकट्या घणसोलीत चाळिसांनी.

परवा त्याच गेटवर गेले.
हिंदुराव गावी गेलेत, कायमचे.
नवा पोरगा खुर्चीतून उठला,
बटणावरचा अंगठा मागे घेत
अदबीनं म्हणाला,
मॅडम, नाव?