दीड सूत

माझ्या वहीत रुझारचं पान एकोणीस वर्षांचं.
कंबर चौतीस, मग छत्तीस, मग लिहायचं सोडलं.
उजवा पाय चाळीस.
डावा सव्वाअडतीस.
हा आकडा मात्र कधी हलला नाही.

गिरीच्या वळणावर टँकरनं
त्याची पिवळी-काळी मोटारसायकल चेपली.
मागचं गिऱ्हाईक शेतात पडलं, उठलं,
भाडं न देता निघून गेलं.
रुझारची नडगी गावातल्या हाडवैद्यानं
बांबूच्या कांबींत बांधली.
हाड सांधलं. एकावर एक चढून सांधलं,
घाईत घातलेल्या दुमडीसारखं.

तेव्हापासून मी त्याची डावी तंगडी आखूड बेततो.
म्हापशाच्या बाजारात कुणी लंगडा म्हणत असेल तर म्हणो,
माझ्या दुकानातून तो कडक इस्त्रीत बाहेर पडला.
दोन्ही काठ बुटावर सारखे टेकले पाहिजेत,
एवढंच माझ्या हातात.

मग एका सोमवारी येऊन म्हणाला,
बांबोळीची डॉक्टरीण हाड पुन्हा तोडणार,
आणि रोज एक मिलिमीटर ताणणार.
मी कात्री खाली ठेवली.
चाळीस वर्षं कापतोय, रुझार,
कापलेलं वाढत नाही.
आत दाब ठेवला असेल तर उसवून देता येतो,
नसेल तर ठिगळ.
ती म्हणते, हाड तसं नाही.
सावकाश ओढलं
तर मधली फट ते आपणच भरतं.

त्या पिंजऱ्यासाठी मी पँट शिवली.
चार कड्या, तेरा सळया, बाहेर आलेले नट.
डावी शिवण कमरेपासून घोट्यापर्यंत उघडी,
नऊ टिचबटणं,
आतून मलमल, कारण सळईपाशी कातडी ओली राहायची.
पैसे घेतले नाहीत.
असल्या शिवणाचा दर मला माहीत नव्हता.

दिवसातून चार वेळा पाव फेरा.
पाना इनासिनाकडे, त्याच्या बायकोकडे:
चहाआधी,
हुमण चुलीवरून उतरलं की,
संध्याकाळची इगर्जीची घंटा वाजली की,
आणि झोपताना, तो कूस वळवायच्या आत.
चाळिसाव्या दिवशी एका सळईतून पू आला, ताप चढला.
डॉक्टरीण म्हणाली, पुरे, इथंच थांबू.
पुढं पाच महिने नुसतं थांबणं,
आतलं ओलं हाड कडक होईपर्यंत.

आज जुन्या सात पँटी पिशवीत घालून आला.
डावी लांब कर.
मी काठ उलटून पाहिला. दाब नाही.
एकाही पँटीत नाही.
उजवीकडे बोटभर सोडलेला,
डावीकडे मी कधी ठेवलाच नव्हता.
त्याला काही बोललो नाही.

मोजपट्टी लावली:
चाळीसला दीड सूत कमी.
इस्पितळाच्या कागदावर ‘उत्तम’ लिहिलंय, त्यानं दाखवलं.
गुडघा पुरता मोडत नाही,
मिसाला टेकताना बाक धरावा लागतो,
मोटारसायकल चालवतो, गियर टाचेनं टाकतो.
हे सगळं त्यांनी विचारलं का?
विचारलं ना. त्याचे वेगळे गुण होते.
आणि दीड सूत?
तो हसला. तेवढं तुझ्याकडे राहू दे.

लिझेटच्या लग्नाला कोट हवा.
खांदे मोजताना डावा बोटभर खाली.
म्हटलं, सरळ उभा राहा.
म्हणाला, उभाच आहे.

पाय पोचला होता.
खांद्याला अजून कुणी कळवलं नव्हतं.

आत एक पदर जादा घालून उचलून घेऊ?
उगाच आरशात बघत राहिला.
लग्नाला दोन महिने आहेत, म्हणाला,
तोवर होईल काहीतरी.

मी डावा खांदा कच्च्या टाक्यांवर ठेवलाय.