परमिट

बारा चाळीसला फीडर बंद करून घेतला.
परमिट माझ्या नावावर. गजभिये, लाईनमन.
खांबावर चढलो तेव्हा खाली
गावाचे कूलर एकामागून एक गप्प झाले,
त्यातला एक माझ्या घरचा.

उत्पलाला गरमी सोसत नाही.
ताप नको, ऊन नको, ऊन पाणीसुद्धा नको.
सहा महिन्यांची होती, दिवाळीची पहिली आंघोळ.
आईनं उटणं लावून दोन तांबे कढत पाणी घातलं,
आणि डावा हात, डावा पाय
कुणी आतून दोरी ओढावी तसे उडू लागले.
कांदा फोडला. जोडा हुंगवला.
मुठीत किल्ली कोंबली.
चाळीस मिनिटं.

मग गोळ्या. एका गोळीनं तर झटके वाढलेच.
सेवाग्रामच्या मॅडमनी तिघांचं रक्त बाहेर पाठवलं.
कागद आला: पेशीच्या भिंतीत मिठाची ये-जा सांभाळणारं दार
जन्मापासून नीट बसलेलं नाही.
आम्हा दोघांत तसं काही नाही. तिच्यातच पहिल्यांदा.

तीन वर्षं आई वनमालाला विचारत होती,
"तुह्या माहेरी कोनाले होतं वं?"
तिला कागद वाचून दाखवला.
"मंग कोनाचं म्हनाव?" म्हणाली.
वनमाला सूप घेऊन अंगणात गेली
आणि निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत बसली.

मॅडम म्हणाल्या होत्या, मेंदूत करंट जास्त होतो.
मॅडम, मी म्हटलं, करंट मला माहीत आहे.
करंट मला बंद करता येतो.

एक वाजून पाच. जंपर तुटलेला, क्लॅम्प जळालेला.
घरी आईचं जुनं लुगडं ओलं करून तिला गुंडाळलं असेल,
खिडकीला भिजवलेलं पोतं,
नाकात मारायचा स्प्रे उशाशी.
पाच मिनिटांच्या वर गेलं की मारायचा.
खिशातला फोन वाजत नाही.
तो न वाजणं मला खांबावर स्पष्ट ऐकू येतं.

"भाऊ, किती टाइम? पोट्टे उकडून राह्यले!"
घाई करणारा लाईनमन घरी जात नाही,
हे मीच नव्या पोरांना सांगतो.
नटाची अर्धी आटी राहिली होती. तीही आवळली.

एक बावीस. परमिट परत.
कूलर सगळे एकदम सुरू होतात,
त्यात आपला ओळखू येत नाही.

दारात पोचलो तर ओल्या लुगड्यातून
डोकं काढून ती म्हणाली, "लाईट."

पाचव्या वर्षी तिच्याकडे एकोणीस शब्द आहेत.
हा मी शिकवलेला नाही.