तूक

उद्यमबागेतल्या तिसऱ्या गल्लीत फौंड्री.
ऑफिसात पंख्याखाली एक संगणक,
त्याच्यावर प्लास्टिकचं झाकण, झाकणावर काळी वाळू.
आत सत्त्याण्णव सालचा फॉक्सप्रो.
चालतो अजून. रोज सकाळी एकदा खोकतो आणि चालतो.
मला बोलावलंय ते नवं लिहायला.

"कशात लिहिणार?" कल्लाप्पा शेठ विचारतात,
शिंप्यानं विचारावं तसं, अस्तर कसलं घालू.

रात्री अनगोळच्या खोलीत मी यादी करत बसते.
जावा म्हणजे मोठ्या घरचं कार्य,
अक्षता पडायच्या आधीच चाळीस जणांचे मानपान.
जावास्क्रिप्टच्या चौकटी दर दिवाळीला बदलतात,
मागच्या वर्षीची रांगोळी कुणी पुसायची?
विश्राम पुण्याहून सांगतो, रस्ट घे,
मेमरीचा एक थेंब सांडत नाही.
असेल. खरं लोखंडाच्या कारखान्यात
गंज नावाची भाषा आणली
हे शेठना कुठल्या तोंडानं सांगू?
आणि सगळं क्लाउडवर ठेवावं म्हटलं
तर मंगळवारी दुपारपर्यंत वीज नसते.

मग यादी ठेवली बाजूला, जुनं वाचायला घेतलं.
नावाला दहाच अक्षरं, त्यातली निम्मी आखडलेली.
रकाना: वजन.
त्याच्या शेजारी रकाना: तुका.
तीन दिवस मला वाटलं, तुका हा कुणी कामगार,
भट्टीवरचा, रोज किलोत मोजला जाणारा.
सोमवारी बाविसशे चाळीस, मंगळवारी शून्य.
मंगळवारी त्याची सुट्टी असेल, असंही ठरवून टाकलं मी.

चौथ्या दिवशी कंग्राळीला गेले.
लुमाण्णा मुचंडीकर ओट्यावर शेंगा फोडत होते.
ऐकून इतके हसले की ठसका लागला.
"तुका न्हवं गं पोरी. तूक.
गेटवरच्या काट्याला भावकाण्णा होता, तो म्हणायचा वजन.
आत घासून पुसून झाल्यावर ईरय्या मोजायचा, तो म्हणायचा तूक.
दोघंबी बदलायला तयार नाहीत.
मग मी दोन रकाने केलो."

म्हणजे कच्चं ते वजन, पक्कं ते तूक.
मधला फरक म्हणजे परत भट्टीत जाणारं लोखंड.
पंचवीस वर्षं कुणाचा गोंधळ झाला नाही.
तूक कन्नडमधला, म्हणतात स्टोअरमधले महांतेश.
जुन्या मराठीतलाच, म्हणतात लेखनिक मोनाप्पा.
चहा गार होईपर्यंत दोघं भांडले
आणि त्याच रकान्यात आकडा भरून
आपापल्या टेबलाकडं गेले.

त्यानंतर यादी फार आखूड झाली.
शेठनी एकच विचारलं होतं:
तू लग्न होऊन गेलीस, तर हे कोण बघणार?
राग आला होता मला. लग्नाचा आला होता,
प्रश्नाचा नाही.
महांतेशच्या धाकट्या भावानं डिप्लोमाला पायथॉन शिकलाय,
चुकतमाकत वाचतो. त्याच्यासमोर मी एक पान ठेवलं.
बोट ठेवून वाचत गेला,
तिसऱ्या ओळीवर थांबला: इथं शून्यानं भागालैस, अक्का.
खरंच भागलं होतं.
ठरलं तिथंच.

डेटाबेस एका फाईलीत मावणारा,
रात्री पेनड्राइव्हवर घालून शेठच्या डब्यात ठेवता येईल असा.
डब्यात भाकरीच्या खाली नको, एवढं बजावलं.

प्रिंटर मात्र जुनाच राहिला, सुया टोचत करकरणारा.
ट्रकवाल्याला तीन प्रती लागतात, कार्बनच्या,
आणि तिसरीवर अंगठाही उमटायला पाहिजे.
विश्रामला कळवलं. त्यानं बराच वेळ काही लिहिलं नाही,
मग लिहिलं: टेस्ट तरी लिहिल्यास का?

लिहिल्या. पहिलीचं नाव
तूक वजनापेक्षा जास्त असू नये.
काल ती नापास झाली.
काट्याखाली कुणीतरी वीट सारली होती.