ऑल्ट, दोन, चार

ऑल्ट दाबून ठेवायचं, मग दोन, मग चार.
बोट उचललं की आकड्याशेजारी
उगवतो एक बाण. ↑
दांडिया बाजारातल्या या लॅबमध्ये
अकरा वर्षं मी हेच पेरते आहे.

क्रिएटिनिन २.१ ↑
युरिक ॲसिड ८.४ ↑
एवढुसा बाण, पण लोक आधी तोच वाचतात.
नाव नंतर. वय तर कोणीच नाही.

भाविन शेजारी बसून बाटल्यांना लेबलं चिकटवतो.
नवा होता तेव्हा एकदा मी ओरडले,
"अरे, पटेलबेनना वर द्यायचा राहिला!"
तो खुर्चीवरून पडायचाच बाकी.
त्याच्या भाषेत वर म्हणजे फक्त नवरा.
मी म्हटलं, आमच्यात नवराही वर,
देव देतो तोही वर,
आणि माणूस गेला की तो जातो तेही वरच.
त्यानं माझ्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं
आणि मुकाट पुढचं लेबल सोललं.

दिवाळीनंतर नवा प्रिंटर आला.
पडद्यावर बाण, कागदावर चौकोन. ▯
प्रत्येक दुखण्याला एकेक खिडकी
आणि आत कोणी राहत नाही.
डॉक्टर म्हणाले, फॉन्टमध्ये नसेल, चालवून घ्या.
चार दिवस चालवलं.
एक बाई विचारून गेल्या,
हा डबा मी भरायचा का?

पाचव्या दिवशी त्र्यंबकराव पोतनीस आले,
उपाशीपोटीच्या साखरेचा कागद न्यायला.
रावपुऱ्यातल्या कुठल्याशा छापखान्यात
चाळीस वर्षं खिळे जुळवलेली बोटं.
कागद नाकाशी धरला, चौकोनावर थांबले.
"खिळा संपला वाटतं."

म्हणाले, आम्हाला अक्षर कमी पडलं
की दुसराच एखादा खिळा उलटा बसवायचो,
डोकं खाली, पाय वर.
प्रुफावर काळा डाग उमटायचा.
अर्थ एवढाच, की इथे कोणीतरी आहे,
थांबा, आणतो.

मग स्वतःशीच :
"मराठीत तसाही बाण अवघडच.
डोक्यावर रेघ, निघाला की आढ्याला आपटणार.
गुजराती बरी. वर सगळं उघडं."

खिशातून पेन्सिल काढली,
स्वतःच्या २१२ पुढच्या चौकोनात बाण ओढला.
दांडा थरथरला, टोक मात्र नेमकं.
"बाकीचे आण."

नको म्हणायला हवं होतं. नियम आहेत.
मी नावांवर पट्टी ठेवून सतरा कागद दिले.
बाकावर बसून, गुडघ्यावर पुठ्ठा घेऊन
ते एकेक चौकोन भरत गेले,
कोणाचं काय वाढलंय हे न विचारता.

नवव्या कागदावर पेन्सिल अडली.
"हा कुठल्या बाजूचा?"
हिमोग्लोबिन ६.८.
चौकोन दोन्हीकडे सारखाच, हे माझ्या
पाच दिवसांत लक्षातच आलं नव्हतं.
"खाली," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली,
कागद उलटा फिरवला
आणि तसाच, सवयीनं,
वरचा बाण काढला.

सोमवारी फॉन्ट दुरुस्त झाला.
ऑल्ट, दोन, पाच दाबताना
अजून माझी मान जराशी कलते.
भाविन विचारतो, दुखते का.