सदतीस नंबर

रविवारची उपासना उरकली की
शद्रकमामा वेस्ट्रीतलं कपाट उघडतात.
चाळीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात औषधं बांधून दिली,
आता पुस्तकं देतात, तशीच:
"हे जेवणानंतर. हे उपाशीपोटी.
अन् हे रात्री न्हाई, झोप उडंल."

मी म्हटलं, मामा, विश्वास खोल होईल असं काही द्या.
ते चष्म्यावरून बघत राहिले.
"खोल कराया ती काय हीर हाय?
आधी सांग, पाणी कवापासून आटलं?"

सांगितलं नाही.
आई गेली त्या नाताळापासून
प्रार्थनेत माझे फक्त ओठ हलतात
हे कसं सांगायचं, बाहेर चपला घालणाऱ्यांची गर्दी असताना.

त्यांनी तीन दिली.
पहिलं जाडजूड, प्रश्नोत्तरांचं.
प्रश्नाला उत्तर इतकं चिकटून
की मधे श्वास घ्यायलाही जागा नाही.
दुसरं कुण्या बर्फाळ देशातल्या बाईचं.
भाषांतर असं, की एकेक वाक्य
लोकरीचा कोट घालून जालन्याच्या मे महिन्यात उभं.
तरी एका पानावर ती भांडी घासते
आणि देवाशी बोलायचं विसरून जाते,
तिथे मी पंखा वाढवला, परत वाचलं.
तिसरी तर वहीच होती,
अंबडच्या रस्त्याने पायी हिंडणाऱ्या कुण्या सुवार्तिकाची:
'आज कोणी ऐकले नाही.
एका म्हातारीने शेंगा दिल्या. खाल्ल्या.'
बस, एवढंच त्या तारखेला.
ही वही मी दोन महिने परत केली नाही.

दंड भरायला गेले तेव्हा मामांनी रजिस्टर फिरवलं माझ्याकडे.
"पाह्य. तुझी माय."
सलोमी आमोस खरात, पुस्तक नंबर सदतीस.
थोरला दादा गेला त्या वर्षी.
बाबांची रोलिंग मिल बंद पडली त्या वर्षी.
मग आणखी दोनदा, का ते मला माहीत नाही.
शेऱ्याच्या रकान्यात तिचंच अक्षर:
अर्धे. अर्धे. अर्धे.
चौथ्यांदा नुसतं: परत केले.

माझी आई.
जिला ऑपरेशनच्या आदल्या रात्री
अख्खं कंपाउंड बोलवायचं डोक्यावर हात ठेवायला.
जिची प्रार्थना कधी अडखळली नाही,
निदान आमच्यासमोर.

सदतीस नंबर घेतलं.
बासष्टाव्या पानावर पेन्सिलीची रेघ:
'शोक करणाऱ्याला देव लवकर भेटतो.'
'लवकर'भोवती गोल, आणि शेजारी तिचा तो वळणदार ककार:
*किती?*

त्याखाली निळ्या शाईत, दुसऱ्याच कुणाचं:
*मला नऊ वर्षे लागली.*
त्याखाली बारीक, तिरकं:
*अजून नाही. वाचतो आहे.*

कुंडलिकेच्या पुलावर रिक्षा थांबली होती, कशाला कोण जाणे,
खाली पाणी नव्हतं, हॉर्न होते,
आणि मी मांडीवरच्या पिशवीला
दोन्ही हातांनी धरून बसले,
त्यात डब्याखाली तिघं जण होते, एका पानावर.

मी बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासते.
ओल्या कागदाच्या गुंडाळीत शंभर दाणे,
सातव्या दिवशी मोजायचे.
ब्याऐंशी उगवले तर लॉट पास.
राहिलेल्या अठरांसाठी तक्त्यात
'मृत' असा एक रकाना आहे, एक 'कठीण'.
कठीण म्हणजे ज्यात पाणीच शिरलं नाही अजून.
सोमवारी ते मी टाकले नाहीत.
नवा कागद भिजवला, गुंडाळी केली,
मागच्या फळीवर ठेवून दिली. नियमात बसत नाही.

सदतीस नंबर अजून माझ्याकडेच आहे.
अर्धं झालंय.
बासष्टाव्या पानावर चौथ्या ओळीपुरती जागा आहे,
पेन्सिल मी रोज काढते, रोज ठेवते.
दंड दिवसाला आठ आणे.
मामा म्हणाले, "चढू दे."