निव्वळ वजन

क्लिफर्डच्या वहीत अकरा बँका निघाल्या.
निळी वही, कोपऱ्याला चहाचा डाग,
पानागणिक एकीचा संसार:
कधी उघडली, किती महिने सांभाळायची,
दोन बिलं तिच्यातूनच गेली पाहिजेत,
एक पाण्याचं, दुसरं म्हाताऱ्या गाढवांच्या आश्रमाला
महिन्याला दोन पौंड.
अट पुरी झाली, बक्षीस जमा झालं,
की पानावर तिरकी रेघ.

पैसे मात्र तेच.
पंधराशे पौंड, दर एक तारखेला
उजाडायच्या आत निघायचे,
इथे पगार म्हणून शिरायचे,
तिथे बचत म्हणून बसायचे,
तिसरीकडे नुसतं तोंड दाखवून
दिवेलागणीला घरी, बूट झिजवून.
"ह्याची टोपी त्याला," मी म्हणायचे.
तो म्हणायचा, "टोपी आपलीच, इनिड.
डोकी त्यांची."

इमिंगहॅमच्या गोदीत तीस वर्षं तो काट्यावर होता.
भरला ट्रक चढवायचा, आकडा टिपायचा,
रिकामा झाला की पुन्हा चढवायचा.
भरल्यातून रिकामा वजा करून उरेल तो माल.
बाकी सगळं लोखंड, म्हणायचा,
आणि ड्रायव्हरचं पोट.

पुतण्या विचारत होता, परवडलं का हे काकाला?
म्हणून बसले वजाबाकी करत.

नऊ वर्षांत दोन हजार सातशे चाळीस पौंड.
शिवाय सिनेमाची चार तिकिटं, एक अजून कोरं,
आणि बँकेचं नाव छापलेली छत्री,
जी आमच्या गल्लीतल्या वाऱ्यात
पहिल्याच दिवशी उलटी झाली.

ह्यातून जाता,
रविवारची संध्याकाळ, दर आठवड्याला दीड तास.
म्हणजे ताशी तीन पौंड नव्वद.
एवढ्यावर गोदीतलं पोरगं झाडूसुद्धा उचलत नाही.
जाता, वेल्समधला तो दिवस,
समुद्राकडे पाठ करून तो टेकडी चढत गेला
फोनला रेंज मिळेना म्हणून,
बाराच्या आत पैसे हलायला हवे होते,
आणि मी खाली बाकावर, दोन आइस्क्रीम धरून,
एक खाल्लं, एक हातावर ओघळलं.
जाता, माझं एक वाक्य,
ज्यावर त्याने मान वर केली नाही.
ते काय होतं, आता मलाही आठवत नाही.

हल्ली रोज एक खातं बंद करते.
फोनवर तोच पियानो, मग तेच "आम्हाला वाईट वाटतं".
मृत्यूचा दाखला आहे म्हटल्यावर
गुप्त प्रश्न कुणी विचारत नाही.
पण वहीत उत्तरं आहेत.
पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय?
आम्ही कधी कुत्रं पाळलं नाही, त्याला शिंका यायच्या.
तरी प्रत्येक बँकेसमोर एक नाव,
त्याच्या काट्यावरच्या ठसठशीत अक्षरात:
मस्टर्ड. कॅप्टन. मिसेस टॉमलिन. बिशप.
अकरा कुत्री नऊ वर्षं माझ्या घरात
आणि एकाचंही भुंकणं मला ऐकू आलं नाही.

परवा मीच सांगून टाकलं फोनवरच्या मुलाला,
"त्याच्या कुत्र्याचं नाव मस्टर्ड."
तो थांबला. कागदावर नसलेला प्रश्न त्याने विचारला,
"चांगलं होतं का?"
"गुणी," मी म्हटलं. "भिंतीला लागून झोपायचं."

वहीच्या शेवटच्या पानावर
त्याचाही हिशेब सापडला, पेन्सिलीने.
ताशी तीन पौंड पंच्याण्णव.
खाली दोन रेघा.
म्हणजे ठाऊक होतं त्याला.
फक्त टेकडी धरली नव्हती.

गाढवांचे दोन पौंड आता माझ्या खात्यातून जातात.
दहा बँका मिटल्या.
अकरावीला अजून कळवलेलं नाही.
तिथे एक पौंड चार पेन्स आहेत,
आणि बिशप.