पत्र्याच्या पलीकडे

चौऱ्याहत्तर साली अंबडला टुरिंग टॉकीज आली.
बायकांच्या बाजूला जाजम, पुरुषांच्या बाजूला बाकं,
मधे माणूसभर उंचीचे पत्रे.
पोराला मांडीवर घेऊन मी पत्र्याला पाठ टेकली.

सिनेमा विमानाच्या कारखान्याचा.
लढाई चालू, भोंगा वाजतोय,
हिरॉईन रिबिटा ठोकतेय
केस मोकळे, कपाळावर बट, नखांना लाली.
मला हसू आलं.
मोकळे केस ड्रिलनं ओढले की टाळू सोलून निघते,
आमच्या सखूबाईचा अंबाडा तेवढ्यासाठीच नारळाएवढा घट्ट असायचा.
हिरो तिच्या शेजारी उभा.
दोघं पत्र्याच्या एकाच बाजूला.
तिथंच चुकलं त्यांचं.

रिबिटीला दोन माणसं लागतात.
एकानं बंदूक चालवायची,
दुसऱ्यानं पलीकडून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा.
मधे ॲल्युमिनियम. तोंड दिसत नाही,
त्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही.
म्हणून ठोके.
एक : बसली.
दोन : अजून मार.
तीन : वाकडी गेली, काढून टाक.

एकाहत्तरची रात्रपाळी, चिकलठाण्याची शेड.
खिडक्यांना काळा कागद, बल्बला निळा रंग.
बंदूक माझी.
ठोकळा परतूरच्या मैनोद्दीनचा.
गेटवर तोंडओळख होती,
खरी ओळख ठोक्यांची.
घाईत असला की दोन्ही ठोके चिकटून येत.
दमला की एकुलता ठोका उशिरा यायचा,
आधी श्वास सोडून मग हात उचलल्यासारखा.

रिबिटा बर्फाच्या पेटीत ठेवायचे.
बाहेर काढली की वीस मिनिटं मऊ.
तेवढ्यात ठोकली तर ठोकली,
नंतर कडक होते, कुणाचं ऐकत नाही.
हे फोरमननं सांगितलं होतं, रिबिटांबद्दल.

डिसेंबरात एका रात्री भोंगा झाला, दिवे गेले.
बंदूक माझ्या हातात गप्प.
सगळी शेड श्वास धरून,
कुठंतरी नळ ठिबकतोय.
आणि पलीकडून दोन ठोके.

समोर रिबीट नव्हती.
मला कळलं, व्हय, लगेच कळलं.
बोट पत्र्यावर ठेवलं. पत्रा गार होता.
ठोकलं नाही.
दिवे आले तेव्हा फोरमन घड्याळ बघून म्हणाला,
बावीस मिनिटं गेली कामाची.

सोळा तारखेला पेढे वाटले.
जानेवारीत ओव्हरटाइम बंद, निम्म्या बायका घरी.
फाल्गुनात माझं लग्न झालं,
कापडाच्या दुकानात गज धरणाऱ्या माणसाशी.
त्यानं कधी आवाज चढवला नाही.
हेही सांगितलं पाहिजे.

पडद्यावर हिरो विमानात चढला.
पंखाच्या आतल्या बाजूला हिरॉईननं
स्वतःचं नाव कोरून ठेवलेलं.
तपासणीत तो पंख नापास झाला असता,
पण बायकांनी डोळ्यांना पदर लावले.
माझ्याही हाताला पदर लागला, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात पाठीच्या मणक्याला,
पत्र्यातून, दोन ठोके.

मैनोद्दीन इथं काहून येईल.
सोडावाला असेल, चावी आपटत फिरणारा.
कुणाचा गुडघा असेल.
पण दोन्ही चिकटून आले होते.

विमान धावपट्टी सोडत होतं.
पोराच्या मनगटात चांदीचं कडं होतं, बारशाचं.
मी त्याची मूठ धरली,
हळूच मागं नेली,
आणि एकदाच वाजवलं.

पोरगं हसलं. त्याला वाटलं खेळ आहे,
परत वाजवायला हात ओढू लागलं.
मी मूठ सोडली नाही.

मग रीळ तुटली.
दिवे लागले, पुरुषांकडून शिट्ट्या, शिव्या,
बाकं सरकल्याचे आवाज.
मी मान वळवून पाहिलं
पत्राच होता.
जोडावर एक गंजकी रिबीट,
तिरकी बसलेली.
तीन ठोक्यांची होती ती.
कुणी काढली नव्हती.